हौशे, नवशे, गवशे आणि कॅमेरा

जत्रेला तीन प्रकारची माणसे येतात असे आपल्याकडे म्हणतात : हौशे, नवशे आणि गवशे. हौशे पाळण्यात बसायला आणि रेवड्या खायला येतात, नवशे बोललेला नवस फेडायला येतात, आणि गवशे काही गवसते का ते पाहायला येतात. छायाचित्रणाच्या छंदाविषयी लिहायला बसलो तेव्हा हीच त्रयी प्रथम आठवली. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि जत्रा बाराही महिने भरलेली आहे. तिच्यात हौशे किती उरले आहेत, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मी नगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर) एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा. तेव्हा सौंदर्यशास्त्राची जड परिभाषा वाचकांनी माझ्याकडून अपेक्षू नये. पण गेली वीसेक वर्षे मी फोटो काढतो आहे, त्याहून कितीतरी अधिक पाहतो आहे. आणि स्पर्धांची, प्रदर्शनांची, दिनदर्शिकांची चित्रे पाहता पाहता मनात एक तक्रार साचली आहे. सण तोंडावर असताना तक्रार करू नये हे खरे. पण दिवाळी अंकाइतका निवांत वाचक मास्तराला वर्षभरात पुन्हा भेटत नाही.

मराठीत ‘हौशी’ या शब्दाला किंचित उपहासाचा वास आहे. हौशी नट म्हणजे पाठांतर कच्चे असलेला, हौशी गवय्या म्हणजे सुराला थोडा उणा. छायाचित्रणात मात्र आपल्याकडची पहिली मानाची पाने हौशी लोकांनीच लिहिली. दागेरची युक्ती पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ साली, आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली. लंडनच्या संस्थेनंतर अवघ्या वर्षाने! तिच्यात गोरे अधिकारी होते, तसे आपले डॉक्टर भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हेही होते. दिवसा रोगी तपासायचे आणि सवड मिळाली की काचांवर रसायने ओतून चित्रे धरायची, असा नारायण दाजींचा छंद. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक तयार झाले. १८५६ पासून विल्यम जॉन्सन आणि हेंडरसन यांनी ‘दि इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ नावाचे मासिकच चालवले. म्हणजे या देशातल्या एका आद्य छायाचित्र-मासिकाच्या नावातच ‘हौशी’ हा शब्द बसलेला आहे.

हा इतिहास कौतुकाचा आहे, पण त्यात एक खडा आहे. याच जॉन्सनने पुढे १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या रहिवाशांवर दोन मोठे ग्रंथ काढले. त्यातली चित्रे पाहिली तर प्रथम डोळे दिपतात. पगड्या, लुगडी, दागिने, सगळे कसे लख्ख! मग हळूहळू काहीतरी खटकू लागते. माणसे ज्या देवळापुढे किंवा रस्त्यावर उभी दिसतात तिथे ती कधी उभीच नव्हती. त्यांचे फोटो स्टुडिओत निघाले आणि मागचा देखावा दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून जोडला. आणि चित्राखाली काय लिहिलेले असते? अमुक जातीचे लोक, तमुक पंथाचे लोक. तो गृहस्थ कोण, ती बाई कोणाची कोण, याचा पत्ता नाही. माणूस गेला आणि नमुना उरला.

दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. आता जात लिहिण्याची चाल गेली, पण नमुना गेला नाही. कोणत्याही छायाचित्र-स्पर्धेचे पुस्तक उघडून पाहावे. सुरकुतलेल्या चेहऱ्याची म्हातारी असते, बहुधा चिलमीच्या किंवा चुलीच्या धुरात. डोक्यावर एकावर एक हंडे घेतलेल्या तीन बाया, उतरत्या उंचीने, क्षितिजावर. भेगाळलेली जमीन आणि तिच्यात उकिडवा बसलेला शेतकरी. खाली नावे : ‘अनुभव’, ‘वाट’, ‘प्रतीक्षा’. आमच्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याने अशा चित्रांना किती माल पुरवला असेल याची गणती नाही. ज्या विहिरीवर आमच्या पोरी हंडे घेऊन जातात, ती विहीर कुणाच्या तरी दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत आहे.

हे सगळे वाईट हेतूने झाले असे मी म्हणत नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ ची, अखिल भारतीय महासंघ १९५३ चा, युरोपातला आंतरराष्ट्रीय महासंघ १९५० चा. या संस्थांनी हौशी माणसाला चौकट, प्रकाश, छपाई यांची शिस्त लावली. वर्तुळे भरवली, एकमेकांच्या प्रती टपालाने फिरवल्या, नवशिक्याला परखड शब्द ऐकवले. हे ऋण मोठे आहे. पण स्पर्धा आली की परीक्षक आला. परीक्षक आला की त्याची आवड आली. आणि ती आवड ओळखून फोटो काढणारा नवशा आला. परीक्षकापुढून चित्रे झरझर सरकतात, एकेका चित्राला काही क्षण मिळतात. तेवढ्यात डोळ्यात भरेल तेच चित्र जिंकणार. ज्या चित्राशी पाच मिनिटे बसावे लागते ते हरणार. कादंबरीची परीक्षा पहिल्या वाक्यावरून केली तर मराठीत कोणत्या कादंबऱ्या उरतील?

या नवसाच्या चित्रांचा शिरोमणी म्हणजे मेंढरांचा फोटो. संध्याकाळचा कलता सूर्य समोर, धुळीचा सोनेरी पडदा, त्यातून झाडांच्या सावल्यांचे पट्टे, आणि खांद्यावर काठी घेतलेला पागोटेवाला मेंढपाळ. हे चित्र वाचकांनीही कुठे ना कुठे पाहिलेच असेल. आमच्या शाळेच्या कचेरीत अशाच चित्राची दिनदर्शिका टांगली होती. एका विद्यार्थ्याचे वडील दाखल्यासाठी आले होते. ते मेंढ्याच राखतात. चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मी विचारले, “कसं वाटलं?” ते म्हणाले, “मेंढरं चांगली हायती. पन गुरुजी, एवढी धूळ कशी उडाली? चरून येनारं मेंढरू असं पळत न्हाई. कुनीतरी मागं लागलंय त्यांच्या. आन् कुत्रं कुटं दिसंना.”

छायाचित्रावरची इतकी नेमकी समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही. धूळ हवी म्हणून कळप पळवला होता, हे त्या गृहस्थांनी धुळीवरूनच ओळखले. आम्हा चित्रकलावाल्यांना त्या धुळीत फक्त प्रकाश दिसला. चित्र खोटे ठरले ते सुंदर असल्यामुळे नव्हे. ज्यांचे चित्र आहे त्यांच्यापैकी एकही जण ते पाहील असे काढणाऱ्याच्या मनातच नव्हते, म्हणून ते खोटे ठरले. ज्या जिल्ह्याला चौंडीच्या धनगर घरातल्या लेकीचे नाव मिळाले, त्याच जिल्ह्यातला धनगर चित्रात मात्र अजून बिननावाचा आहे.

म्हणून कोणताही माणसाचा फोटो पाहिला की मी मनाशी दोन गोष्टी विचारतो. याचे नाव काढणाऱ्याला ठाऊक आहे का? आणि त्याची प्रत त्याच्या घरी पोहोचली का? हे प्रश्न नुसत्या सौजन्याचे आहेत असे कुणी समजू नये. ते कलेचे प्रश्न आहेत. ज्या म्हातारीला प्रत द्यायची आहे तिचा फोटो वेगळा निघतो. ती पदर सारखा करते, नातवाला हाक मारते, शेळीला जवळ ओढते, चुलीपासून उठून उंबऱ्यात येऊन बसते. आपण कसे दिसावे याविषयी तिचे एक मत असते आणि ते मत चित्रात उतरते. तालुक्याच्या गावातल्या जुन्या स्टुडिओतले फोटो आठवा : मनगटावरचे घड्याळ दिसेल असा गुडघ्यावर ठेवलेला हात, शेजारी तिवईवर कागदी फुले, मागे रंगवलेला जिना. आपण त्यांना हसतो. पण त्या घड्याळात माणसाची एक इच्छा आहे, आणि चिलमीच्या धुरातल्या सुरकुत्यांत फक्त फोटो काढणाऱ्याची. जॉन्सनचाही देखावा रंगीत पडद्यासारखाच खोटा होता. फरक इतकाच, की पडदा गिऱ्हाइकाने पसंत केलेला असे.

फ्रान्समध्ये लार्तीग नावाचा एक मुलगा होता. १८९४ चा जन्म, बाप श्रीमंत, सातव्या-आठव्या वर्षी हातात कॅमेरा. त्याने घरच्यांचे पुष्कळ फोटो काढले. जिन्यावरून उडी मारणारी नात्यातली बहीण, घरगुती विमाने बनवून आपटणारा झिसू नावाचा भाऊ, टोप्या घालून फिरायला निघालेल्या बायका. त्या हौशी माणसाचे मोठे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भरले ते १९६३ साली, त्याच्या एकोणसत्तराव्या वर्षी. चित्रांतल्या अनेक माणसांची नावे त्याला ठाऊक होती; त्यातली कित्येक नातेवाईकच होती, हेही खरे.

आता थोडे शिकण्याविषयी. हा छंद महाग आहे अशी समजूत आहे आणि दुकानदार तिला खतपाणी घालतात. पण आमच्या घराघरांत जो पहिला कॅमेरा आला तो बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री. त्यावर ऊन आणि ढग अशा खुणा, आणि एका रोलात बारा फोटो. बारा! लग्नघरी त्यातले दोन उरवून ठेवायचे, नाहीतर पाठवणीच्या वेळी यजमान मान खाली घालणार. त्या काटकसरीने एक संस्कार केला. कळ दाबण्यापूर्वी माणूस पाहत असे. आता कळ दाबून झाल्यावर पाहतो, तेही बोटाने सरकवत. तरी जुने तेच सोने असे म्हणण्यात अर्थ नाही. रोल धुऊन येईपर्यंत आठ-पंधरा दिवस जात आणि तोवर कोणत्या उन्हात काय केले ते विसरलेले असे. आज चूक तिथल्या तिथे दिसते. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

यंत्राची एक गंमत मात्र जुन्या काळापासून तशीच आहे, आणि ती कळली की निम्मे शिक्षण झाले. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक जग राखाडी आहे असे धरून चालतो. पांढरा बगळा दाखवा, तो म्हणतो, फार उजेड आहे, आणि बगळा मळका करून टाकतो. काळा म्हसोबा दाखवा, तो म्हणतो, फार अंधार आहे, आणि देवाला राख फासतो. दिंडीतल्या पांढऱ्या बंड्या करड्या निघतात त्या याच हिशेबाने. तेव्हा पांढऱ्याला मापकाच्या सांगण्याहून थोडा जास्त प्रकाश द्यायचा आणि काळ्याला थोडा कमी. जुने लोक मापक न वापरता एक कानमंत्र सांगत : लख्ख उन्हात भिंगाचे छिद्र सोळावर ठेवा आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका, म्हणजे फिल्म शंभरची तर सेकंदाचा शंभरावा भाग. नगरच्या उन्हाला हा मंत्र क्वचितच दगा देतो.

हा धडा पक्का करायचा तर कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला जावे. १९८० साली जाहीर झालेले हे काळविटांचे अभयारण्य जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे आहे, आणि वाघ-सिंह शोधणाऱ्याला तिथे काही मिळणार नाही. पण एकाच प्राण्याच्या अंगावर वर काळे आणि पोटाला शुभ्र असे दोन रंग, सभोवती वाळल्या गवताचा पिवळा माळ. परीक्षेचा पेपर याहून अवघड निघत नाही. काळ्याकडे पाहून प्रकाश दिला तर पोट जळते, पोटाकडे पाहून दिला तर पाठ म्हणजे शाईचा डाग. सकाळी साडेसात-आठला ऊन तिरके असते तेव्हाच दोन्ही सांभाळतात. पहिल्या खेपेला नुसती शेपटे मिळतात. पाचव्या-सहाव्या खेपेला उमजते की नर ठरावीक जागा राखून असतो. आपण गुपचूप बसलो तर तो आपणहून येतो. धंदेवाईकाला दिवस मोजून जावे लागते, नवशाला स्पर्धेची तारीख गाठायची असते. सहाव्या खेपेचा अधिकार फक्त हौशा माणसाला आहे. त्याची सारी श्रीमंती हीच.

सहाव्या खेपेचे मराठीतले उदाहरण सांगायचे तर मी गो. नी. दांडेकरांचे नाव घेईन. शाळा अर्धवट सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरलेला, कुठल्या कलाशाळेची पायरी न चढलेला हा कादंबरीकार गड चढताना कॅमेरा बरोबर नेत असे. त्या चित्रांतली निवडक ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ या पुस्तकात एकत्र झाली आहेत. आज आकाशातून घेतलेली गडांची रंगीत चित्रे मुबलक मिळतात आणि ती नेत्रसुखद आहेत यात वाद नाही. पण आकाशातून गड नकाशासारखा दिसतो, गोनीदांना तो चढणाऱ्यासारखा दिसतो. ‘दुर्गभ्रमणगाथा’ शेजारी ठेवून ही चित्रे पाहावीत. पुन:पुन्हा त्याच वाटेने गेलेल्या माणसाला कोणता दरवाजा कोणत्या प्रहरी बोलतो हे ठाऊक असते. तांत्रिक सफाईत आजचा कोणताही कॉलेजकुमार त्यांच्या पुढे जाईल. मला तरीही ‘माचीवरला बुधा’ लिहिणारा डोळाच त्या चौकटींमागे दिसतो, आणि त्या डोळ्याची घाई कुठे दिसत नाही.

याच्या उलट टोकाचा अनुभव घ्यायचा तर मेअखेरीस अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, पुरुषवाडीच्या बाजूला रात्री जाऊन पाहावे. वळवाचे शिंतोडे पडले की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ काजव्यांनी लगडतात. गेल्या काही वर्षांत काजव्यांइतक्याच मोटारींच्या दिव्यांच्या रांगा लागतात, आणि वनखात्याला त्यांवर निर्बंध घालावे लागतात. काजव्याचे लुकलुकणे म्हणजे नराने मादीला घातलेली साद. त्यावर बॅटरीचा झोत टाकणे म्हणजे कुणाच्या प्रेमपत्रावर दौत उपडी करणे. तिकाटण्यावर लावलेला कॅमेरा झाडावर नीट रोखला जावा म्हणून हे झोत टाकले जातात. हे झाले गवशे.

त्यांचे चित्र तुम्ही पाहिले असेल. झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हजारो हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी भरलेले, जमिनीवरही ठिपक्यांचा सडा. एकेक चित्र अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे, अशी अनेक घेऊन संगणकावर एकावर एक चढवलेली. एवढे काजवे एका क्षणी कोणीही पाहिलेले नाहीत. जॉन्सनने दोन जागा जोडल्या, इथे शंभर क्षण जोडले. क्षण जोडणे हेच पाप म्हणाल तर दादासाहेब फाळके पहिले पापी ठरतील. १९१२ साली भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रित केले आणि पडद्यावर रोप सरसर वाढवून दाखवले. पण तिथे वाढ हाच विषय होता. पाहणाऱ्याला काळ आखडलेला कळत होता आणि त्याचेच त्याला नवल वाटत होते. काजव्यांच्या चित्रात उलटे घडते. झाडभर उजेडाची एक लहर जाते, मग मिट्ट काळोख होतो, आपण श्वास धरतो, आणि पुन्हा कुठल्याशा फांदीपासून सुरुवात होते. काजव्याचा अर्धा आशय त्या मधल्या काळोखात आहे. क्षणांची रास रचताना नेमका तोच गळतो, आणि उरते ती लग्नाच्या मांडवाची रोषणाई. हे चित्र पाहून आलेली माणसे खऱ्या झाडाखाली उभी राहून “एवढेच?” असे म्हणताना मी ऐकली आहेत. कलेने निसर्गाविषयी असा हिरमोड करावा, ही मला तिच्यावरची सर्वांत गंभीर तक्रार वाटते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सने पाहिलेले इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपलीच सावली, टिपायलाही लोक पावसाळ्यात जातात. बहुतेकांना धुके मिळते. त्या धुक्याचे फोटो सहसा कुणी दाखवत नाही. मला ते पाहायला आवडतील.

आणि आता दिवे लागतीलच, तर घरातल्या पोरांसाठी एवढे सांगतो. पणतीचा फोटो काढताना झगझगीत फ्लॅश मारू नका. त्या उजेडात पणती विझल्यासारखी दिसते. यंत्राला अंधार दिसला की ते घाबरून रात्र राखाडी करील. त्याचे ऐकू नका, पडद्यावर बोट ठेवून उजेड दोन पायऱ्या खाली उतरवा. पणत्यांची नुसती रांग घेऊ नका, ती सगळ्यांच्या घरची सारखीच असते. वात सारणारी आजी घ्या. तिच्यापासून हातभर अंतरावर, जमिनीवर बसून, मोबाइल भिंतीला टेकवून, श्वास रोखून. ज्योत चेहऱ्याच्या एका बाजूला येऊ द्या, दुसरी बाजू अंधारात गेली तरी चालेल. कळ दाबण्यापूर्वी तिला सांगा, म्हणजे ती पदर सावरील आणि “थांब रे, चष्मा काढते” म्हणेल. काढू द्या. भाऊबीज झाली की तालुक्याला जाऊन त्याची कागदावर प्रत काढून आणा, मागे तिचे पूर्ण नाव आणि साल शाईने लिहा, आणि तिच्या हातात द्या.